दोन वर्षं शांत असलेल्या कुत्र्यांनी तीन आठवड्यांत तिघांना दात कसे लावले?

पाथर्डीफाटा_बी_विंग

नाशिकच्या पाथर्डी फाट्याजवळची सोसायटी, ९६ फ्लॅट. गेटच्या आत-बाहेर मिळून सहा मोकाट कुत्री. दोन वर्षांत कुणाला दात लागला नव्हता. गेल्या तीन आठवड्यांत तीन प्रकार झाले.

१. पार्सल घेऊन आलेला डिलिव्हरीवाला. बी विंगचं पार्किंग, संध्याकाळी सातचा सुमार. पोटरीला मागून चावा. वॉचमन म्हणतो, ना भुंकलं ना गुरगुरलं.

२. दुसरीतला मुलगा, वजन बावीसेक किलो. गेटजवळ कुत्र्यांना पोळ्या घालतात तिथे खाणाऱ्या काळ्या नावाच्या कुत्र्याच्या डोक्यावर हात ठेवायला गेला. मनगटावर दोन दात लागले, रक्त आलं. याला आज सहा दिवस झाले. घरच्यांनी धुऊन हळद लावली. इंजेक्शन घेतलेलं नाही, कारण "कुत्रं ओळखीचं आहे".

३. अंबडहून सेकंड शिफ्ट करून येणारा बाइकवाला, रात्री पावणेबारा, कोपऱ्यावरच्या चिकनच्या दुकानासमोर. दोन कुत्री मागे लागली, त्याने पाय वर घेतले, गाडी घसरली. दात फक्त बुटाला लागला, पण गुडघा आणि कोपर सोलवटलं.

ग्रुपवर तीन तट पडलेत. एकांचं म्हणणं कुत्री पिसाळली, दुसऱ्यांचं खायला घालून माजवली, तिसऱ्यांचं सगळी उचलून लांब सोडून या. उपायाआधी मला कारण कळायला हवंय. कुत्रं असं अचानक का चावतं?

शेपूट_वाचक

तिन्हींना मिळून एकच कारण शोधू नका. जागा, वेळ आणि शरीराचा भाग तुम्ही लिहिलात ते फार बरं केलंत, निदान त्यावरूनच होतं. पोटरीला मागून, मनगटाला समोरून आणि धावत्या गाडीवरच्या पायाला, हे तीन वेगळे प्रकार आहेत. बहुधा कुत्रीही वेगळी असतील.

"ना भुंकलं ना गुरगुरलं" यावर फार विसंबू नका. भुंकणं ही लांबून द्यायची ताकीद. माणूस जवळ आला की कुत्रं आवाज न करता बोलायला लागतं आणि आपण ते बघत नाही. आधी ते तोंड फिरवतं, स्वतःचं नाक चाटतं, झोप आलेली नसताना जांभई देतं. मग कान मागे दबतात, मान एकीकडे आणि नजर तुमच्यावर, त्यामुळे डोळ्याच्या कडेला पांढरा भाग चंद्रकोरीसारखा दिसतो. आणि मग सगळं थांबतं. शेपूट थांबते, उघडं तोंड मिटतं, श्वास धरल्यासारखं अंग ताठ होतं. हा पुतळा जेमतेम सेकंद-दोन सेकंद टिकतो. सगळ्यात जास्त अर्थ त्यातच असतो. पुढे ओठ वर जातो, गुरगुर येते, हवेत एक फुकटचा चावा येतो आणि त्यानंतर अंगाला दात लागतो. खालच्या ताकिदींना दर वेळी कुणी दाद दिली नसेल तर कुत्रं त्या गाळून सरळ शेवटाला जायला शिकतं.

"शेपूट हलवत होतं हो, तरी चावलं!" हेही नेहमीचं. उंच, ताठ धरलेल्या शेपटीचं नुसतं टोक थरथरत असेल तर तो राग आहे. खुशीतल्या कुत्र्याचं कंबरेपासून मागचं सगळं अंग डुलतं.

आता तुमचा पहिला चावा. पाठ फिरल्यावर पोटरीला धरणं आणि लगेच मागे सरणं, ही भ्यालेल्या किंवा काहीतरी राखणाऱ्या कुत्र्याची रीत. समोरून यायची त्याची हिंमत नसते. पार्किंगमध्ये राखण्यासारखं काय आहे? खाणं नाही. मग पिल्लं असतील. हिशेब करा. भाद्रपद-अश्विनात कुत्र्या माजावर येतात, गाभ साधारण ६३ दिवसांचा, म्हणजे कार्तिक-मार्गशीर्षात जागोजाग व्यालेल्या कुत्र्या. त्यात नाशिकची थंडी. ऊब आणि आडोसा मिळेल अशी जागा ती शोधते. जिन्याखालची पोकळी, मीटर रूम, जनरेटरच्या मागची फट, जास्त दिवस न हललेली कव्हर घातलेली गाडी, सगळीकडे टॉर्च मारून बघा. सहापैकी एखादीची आचळं लोंबलेली दिसतात का तेही पाहा. रहिवाशांचा वास तिच्या ओळखीचा. डिलिव्हरीवाला अनोळखी, हातात मोठी पिशवी, घाईघाईत, बहुधा पिल्लांच्या तीन-चार फुटांवरून गेलेला. तो पाठमोरा होईपर्यंत ती दबून बसली असणार.

काळ्याचं कोडं सोपं आहे. खाणाऱ्या कुत्र्याच्या डोक्यावरून हात आला. आपल्याला ते लाड वाटतात, त्याला वरून झडप वाटते. त्यातून शेजारी पाच प्रतिस्पर्धी उभे असताना त्याला पोळी राखायचीच आहे. दोनच दात लागले आणि त्याने सोडलं म्हणता, म्हणजे जबडा त्याने आवरता घेतलाय. चाव्याची तीव्रता मोजायची प्राणीवर्तनतज्ज्ञ इयान डनबार यांची सहा पायऱ्यांची पट्टी आहे. एकाच चाव्यात १ ते ४ खड्डे आणि एकही सुळ्याच्या निम्म्या लांबीपेक्षा खोल नाही, तर ती तिसरी पायरी. निम्म्याहून खोल गेला, किंवा धरून झटकलं, की चौथी. तिसरीपर्यंतचं कुत्रं बहुतेक वेळा सुधारता येतं, चौथीपासून मी कुणालाही आश्वासन देणार नाही. हे सगळं स्वभावापुरतं. वैद्यकीय दृष्टीने रक्त आलं म्हणजे आलं, त्यात लहान-मोठं नसतं. त्या मुलाबद्दल दवाखान्यातल्या कुणीतरी लवकर लिहा.

सिस्टर_पंचवटी

लिहिते, आणि हे वाचून झाल्यावर फोन त्या मुलाच्या आईला करा. आजच.

कातडी फुटून रक्त आलं की तो रेबीजच्या हिशेबात तिसऱ्या, म्हणजे सगळ्यात गंभीर श्रेणीचा संपर्क. त्याला लस आणि जखमेत टोचायचं सिरम (विषाणूशी लढणारी तयार प्रतिपिंडं), दोन्ही लागतं. सहा दिवस उशीर झालाय, पण उशीर झाला म्हणून सोडून द्यायचं नसतं. रेबीजची लक्षणं बहुतेकांत १ ते ३ महिन्यांनी दिसतात, कधी त्याआधी, कधी बऱ्याच उशिरा. जखम मेंदूच्या जितकी जवळ तितकी घाई, कारण विषाणू नसांमधून (मज्जातंतूंमधून) मेंदूकडे जातो. लक्षणं सुरू झाल्यावर मात्र हाती काही राहत नाही.

सिरमची मात्रा वजनावर. माणसाच्या रक्तापासूनचं असेल तर किलोला २० युनिट, घोड्याच्या रक्तापासूनचं असेल तर ४०. बावीस किलोच्या मुलाला अनुक्रमे ४४० किंवा ८८० युनिट. ते जखमेत आणि जखमेच्या कडेने टोचायचं, खपली धरली असली तरी. लसीचा पहिला डोस पडल्यापासून सात दिवसांपर्यंतच सिरम चालतं. याची लस अजून सुरूच झालेली नाही, म्हणून दोन्ही एकाच दिवशी घेता येईल.

लस सरकारी दवाखान्यात बहुधा कातडीत देतात. ०.१ मिलीचे दोन टोचे, दोन्ही दंडांवर एकेक, असं चार वेळा: ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. स्नायूत देत असतील तर पाच डोस, ०, ३, ७, १४, २८. मोठ्यांना दंडात, अगदी लहानांना मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या भागात. कमरेवर कधीच नाही, तिथे चरबीत लस वाया जाते. बेंबीभोवतीची १४ इंजेक्शनं केव्हाच बंद झाली, त्या भीतीने कुणी थांबलं असेल तर सांगा त्यांना. जिल्हा शासकीय रुग्णालय किंवा नाशिकरोडचं बिटको रुग्णालय, तुम्हाला सोयीचं ते गाठा. निघण्याआधी सिरम आहे का एवढं फोनवर विचारा, लस असते तिथे सिरम असतंच असं नाही.

पुढच्या वेळेसाठी. चावल्या चावल्या नळाच्या धारेखाली साबणाने १५ मिनिटं धुवायचं, घड्याळ लावून. दोन मिनिटांत लोक थांबतात. धार जखमेच्या आत जायला हवी, साबणाचा फेस पुन्हा पुन्हा. या विषाणूला बाहेरून चरबीचं वेष्टण असतं, साबण ते फोडतो, म्हणून साधा कपड्याचा साबणसुद्धा चालतो. मग पोव्हिडोन आयोडिन हे जंतुनाशक. हळद, तिखट, चुना, कॉफी काही नको. त्याने जखम भाजते आणि आत काय आहे ते दिसत नाही. घट्ट पट्टी नको, टाकेही शक्यतो नकोत. घालावेच लागले तर सिरमनंतर, सैल. धनुर्वाताचं इंजेक्शन डॉक्टर ठरवतील.

आणि तो डिलिव्हरीवाला? त्याचा नंबर गेटच्या रजिस्टरमध्ये असेल. त्याने उपचार घेतले का, हे सोसायटीनेच विचारायला हवं.

रात्रपाळी_अंबड

तिसऱ्याबद्दल. गाडी पळाली की कुत्रं पळतं, हे त्याच्या रक्तात आहे. पण त्याच कोपऱ्यावर रोज का? कारण रोज ते "जिंकतं". गाडी येते, कुत्रं धावतं, आपण ॲक्सिलेटर पिळतो, गाडी नाहीशी होते. त्याच्या हिशेबी त्याने ती हाकलली. महिनाभर रोज रात्री असं झालं की सवय पक्की, आणि एकाचं बघून दुसरं शिकतं. चिकनच्या दुकानासमोर शटर पडल्यावर आतडी-पिसांची पिशवी ठेवली जाते, ती घंटागाडी सकाळी नेते. मधले सात-आठ तास तो त्यांचा माल. एकटं असताना जे कुत्रं कान पाडून बाजूला होतं, ते तिघा-चौघांत वाघ होतं.

करायचं काय? कोपऱ्याच्या ५० मीटर आधीच वेग १५ च्या आसपास आणा. ऐनवेळी ब्रेक मारायचा नाही, गाडी तिथेच घसरते. पाय फूटरेस्टवरच ठेवा. वर घेतलेल्या पायाने तोल तर जातोच, शिवाय हलती पोटरी बरोबर त्याच्या तोंडासमोर येते. लाथ मारू नका. अगदी अंगावर आलंच तर गाडी थांबवा, कुत्र्याच्या विरुद्ध बाजूला उतरा, गाडी मध्ये ठेवा. पळणारी वस्तू थांबली की बहुतेकांचा जोर ओसरतो, ती घुटमळतात आणि निघून जातात. मग गाडी हातात धरून वीसेक पावलं चालत पुढे न्या. हॉर्न दाबून धरला तर ती आणखी पिसाटतात, माझ्या मते तो वाजवूच नये. दुकानदाराकडून झाकणाचा डबा ठेवून घेतलात तर अर्धं काम तिथेच होईल.

वैतागलेला_चेअरमन

सगळं ज्ञान ठीक आहे. पण सहा कुत्र्यांसाठी ९६ कुटुंबांनी आपली चाल, आपला वेग, आपली मुलं बदलायची? टेम्पो बोलवा, त्र्यंबकच्या घाटात सोडा. नाहीतर काही लोक भाकरीतून "औषध" द्यायला तयार आहेत, एवढंच सांगतो.

पशुवैद्य_देवळाली

त्या औषधवाल्यांना सांगा की भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि ती भाकरी कुत्रंच खाईल, दुसरं कुणी हात लावणार नाही, याची हमी कोण देणार?

उचलून सोडण्याबद्दल. तुमच्या आवारात सहा कुत्र्यांपुरतं अन्न आणि आडोसा आहे, म्हणून सहा आहेत. ती नेलीत तर रिकाम्या जागेत आजूबाजूची येतील. त्यांना तुमची माणसं ओळखीची नसतील, हद्दीसाठी आपसात भांडतील, लस झालेली असेल-नसेल. तुमच्याकडे आहे त्या काळ्याला निदान माणसांची सवय आहे. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत नसबंदी आणि लसीकरण करून कुत्रं होतं त्याच जागी सोडायचं आहे. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात हेच ठेवलं, रेबीज झालेली, तशी शंका असलेली आणि आक्रमक कुत्री वगळून. खायला घालायचं तेही ठरवून दिलेल्या जागीच, रस्त्यात कुठेही नाही. म्हणजे गेटच्या तोंडाशी पोळ्या टाकणाऱ्यांनाही नियम आहे. चेअरमनसाहेबांनी तो धरून बसावं, तिथे मी त्यांच्या बाजूने आहे.

आता पिसाळण्याचा प्रश्न. तीन वेगळ्या जागी, तीन वेगळ्या निमित्तांनी चावे झालेत. पिसाळलेल्याचं तसं नसतं, त्याला निमित्त लागत नाही. वाटेत येईल त्याला, दगडाला, लाकडाला, गाडीच्या टायरला चावत ते सरळ जात राहतं. दुसरा प्रकार मुका. कुत्रं कोपऱ्यात, अंधारात बसतं, खालचा जबडा लोंबतो, लाळ गळते, आवाज घोगरा होतो, घशात काही अडकल्यासारखं करतं. लोक हाड अडकलं समजून तोंडात हात घालतात. असं कधीही करू नका. पाण्याला घाबरणं हे माणसातलं लक्षण, कुत्रं पाण्याजवळ जातं पण त्याला गिळता येत नाही.

चावणाऱ्या दोघांना, काळ्याला आणि पार्किंगवालीला, चावल्याच्या दिवसापासून १० दिवस नजरेत ठेवा. बांधू नका, मारू नका, रोज दोनदा बघा. खातंय का, चालताना मागचे पाय लटपटतात का, आवाज बदलला का? लक्षणं दिसण्याआधी काही दिवस विषाणू लाळेत येतो, आणि लक्षणं दिसल्यावर कुत्रं फार जगत नाही. म्हणून दहा दिवसांनी ते धडधाकट असेल तर चावलं त्या दिवशी लाळेत विषाणू नव्हता. पण हे दहा दिवस लस थांबवण्यासाठी नाहीत. लस सुरू करायची आणि दहा दिवसही मोजायचे. सिस्टरांनी लिहिलंय तेच.

आणखी एक कारण लोक विसरतात, दुखणं. जखमेत अळ्या पडलेल्या, कानात सडलेलं, गोचिडांनी पोखरलेलं, गाडीखाली पाय गेलेलं कुत्रं हात जवळ आला की चावतं. सहाही कुत्र्यांवर लांबूनच नजर टाका. कुणी डोकं एका बाजूला कलतं धरतंय, सारखं कान झटकतंय, एखादा पाय टेकत नाही, असं दिसलं तर त्याच्या अंगावरून हात फिरवणं सगळ्यांनी बंद करा आणि उपचार करून घ्या.

नसबंदी झालेल्याच्या कानाला व्ही आकाराची खाच असते. सहापैकी कितींना आहे मोजा. नसबंदीने काय बदलतं? माजाच्या दिवसांतली भांडणं आणि व्यालेलीचं अंगावर येणं थांबतं. गाडीमागे धावणं आणि खाणं राखणं त्याने जात नाही. लोक नसबंदीनंतरही चावलं म्हणून चिडतात, कारण त्यांना कुणी हे आधी सांगितलेलं नसतं.

कॉलेजरोड_लॅब

मध्येच एक. घरचा लॅब्रॅडॉर, ८ वर्षांचा. सोफ्यावर झोपलेला असताना उठवलं की अलीकडे गुरगुरतो. जोरात ओरडलं की गप्प होतो. सवय मोडतेय ना?

शेपूट_वाचक

सवय नाही, सूचना मोडतेय. गुरगुर म्हणजे त्याने अजून दात लावायचं टाळलंय. ती ओरडून बंद केलीत की आतली अस्वस्थता तशीच राहते, फक्त घंटा काढून टाकल्यासारखं होतं. मग एक दिवस तो न गुरगुरता चावेल आणि तुम्ही म्हणाल, अचानक चावला.

आठ वर्षांचा लॅब आणि "अलीकडे", म्हणजे पहिल्यांदा डॉक्टरकडे. खुबा, गुडघे, कान, दात. या जातीत खुब्याचं दुखणं नेहमीचं, आणि झोपेतून उठताना ते सगळ्यात जास्त जाणवतं. तोवर हाताने हलवून उठवू नका. चार पावलांवरून नाव घ्या, खाऊचा तुकडा जमिनीवर टाका, तो स्वतः उतरू दे. पट्ट्याला धरून ओढलंत तर हात बरोबर त्याच्या जबड्याजवळ जातो. घरात लहान मूल असेल तर झोपलेल्या आणि खाणाऱ्या कुत्र्याला हात नाही, हा नियम मुलालाच नाही, पाहुण्यांनाही.

लहान मुलांवरून आठवलं. विचकलेले दात बघून बऱ्याच लहान मुलांना कुत्रं हसतंय असं वाटतं, अभ्यासांत हे दिसलंय. उंचीमुळे त्यांचा चेहरा कुत्र्याच्या तोंडासमोर असतो आणि मिठी मारायची हौस. म्हणून लहानांना चावे डोक्या-तोंडाला जास्त. सोसायटीत मुलांना दोनच गोष्टी खेळ म्हणून शिकवा. अंगावर आलं तर "झाड": उभं राहायचं, हात पोटाशी घडी घालून, नजर पायाच्या बोटांवर, आवाज नाही. पडलोच तर "कासव": गुडघे पोटाशी, कपाळ जमिनीला, दोन्ही मुठी मानेमागे. रविवारी दहा मिनिटं खेळून घ्या, मुलांना मजा येते. सांगून लक्षात राहत नाही, करून राहतं.

पाथर्डीफाटा_बी_विंग

आज दिवसभर फिरलो, जे सापडलं ते लिहितो.

पिल्लं मिळाली. जनरेटरच्या मागे, भिंत आणि पत्र्यामधल्या हातभर फटीत पाच. डोळे उघडलेले, धडपडत चालतात. आई तांबडी, आचळं लोंबलेली. डिलिव्हरीवाला गाडी लावतो ती जागा तिथून चार पावलं. वॉचमनला पुन्हा विचारलं तेव्हा म्हणाला, ती आधी "खाली बघत उभी होती, एकदम शांत". म्हणजे तुमचा पुतळा.

डिलिव्हरीवाल्याशी बोललो, त्याने दुसऱ्याच दिवशी लस सुरू केली होती. मुलाला त्याच्या आई-वडिलांनी दुपारी सिव्हिलला नेलं, सिरम आणि पहिला डोस झाला. काळ्या खातोय-पितोय, चालणं ठीक. कानाला खाच फक्त दोघांच्या. तांबडीच्या नाही.

प्रश्न: पिल्लं उचलून गेटबाहेर ठेवू का? आणि पोळ्यांची जागा कुठे हलवायची?

शेपूट_वाचक

पिल्लांना हात लावू नका. हलवलीत तर ती शोधत सगळ्या पार्किंगभर फिरेल आणि सगळं पार्किंग तिची हद्द होईल. तिथल्या दोन गाड्या महिना-दीड महिना दुसरीकडे लावा. फटीपासून दहा-बारा फुटांवर दोरी बांधून जाड अक्षरांत पाटी लावा, "व्यालेली कुत्री आहे, इकडून जाऊ नका". डिलिव्हरीवाल्यांना गेटवरच अडवून पार्सल तिथे ठेवायला सांगा. पिल्लं सहा-आठ आठवड्यांची होऊन अंगावरचं दूध तुटलं की तिचा जोर आपोआप उतरतो. तिला पाणी आणि खाणं फटीच्या दोरीबाहेर, रोज एकाच माणसाने, एकाच वेळी. भुकेली आई जास्त चिडकी असते. पिल्लं तिसऱ्या ते बाराव्या-चौदाव्या आठवड्यात जे बघतात ते त्यांना आयुष्यभर साधं वाटतं. दूध तुटल्यावर या वयात शांत माणसांनी, मोठ्यांनी, त्यांना रोज थोडं हाताळलं तर पुढच्या वर्षीची तुमची भीती कमी होईल.

पोळ्यांची जागा: गेट, जिना आणि मुलं खेळतात त्या जागेपासून लांब. मागच्या कंपाउंडची भिंत असेल तर ती. सहा कुत्र्यांना सहा ढीग, एकमेकांपासून दोन-तीन मीटरवर. एकाच ढिगावर सहा तोंडं आली की राखणं आलंच. मुलांच्या वेळेच्या बाहेर, सकाळी सातच्या आत किंवा रात्री साडेनऊनंतर. पंधरा मिनिटांनी उरलेलं उचलून टाका. तिथे शिळं पडून राहिलं की ती जागा दिवसभर राखायची होते. जागा एकदम नका बदलू, रोज वीस-पंचवीस फूट सरकवत न्या. एकदम बदलली की काही दिवस ती जुन्या जागी घिरट्या घालतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या पिशव्या हुंगतात.

भांडण लागलं तर मध्ये हात घालू नका. त्या क्षणी कुत्रं जवळ येईल त्याला चावतं, आपलं-परकं नाही. बादलीभर पाणी, ताटावर पळी, किंवा दोघांच्या मध्ये सरकवलेला मोठा पुठ्ठा. आणि कुणाचा हात धरलाच तर हिसका देऊ नका. हिसक्याने खड्ड्याची फाट होते.

पशुवैद्य_देवळाली

तांबडीला आत्ता नसबंदीसाठी पकडून देऊ नका, पाचही पिल्लं थंडीत जातील. दूध तुटल्यावर लगेच, पुढच्या माजाची वाट न बघता. पिल्लांना रेबीजची पहिली लस तीन महिन्यांची झाल्यावर, नसबंदी सहा महिन्यांनंतर. बिनखाचेच्या बाकीच्या तिघांसाठी महापालिकेकडे सोसायटीच्या लेटरहेडवर अर्ज द्या. प्रत्येकाचा फोटो, रंग, नर-मादी, बसायची जागा लिहा. "कुत्र्यांचा त्रास आहे" एवढंच लिहिलं की गाडी येते, जे हाती लागेल ते नेते, आणि नेमकी हवी ती सापडत नाहीत.

वैतागलेला_चेअरमन

दोरी आणि पाटी उद्या सकाळी होईल. चिकनवाल्याशी मी बोलतो. झाकणाचा डबा सोसायटीच्या खर्चाने द्यावा लागला तरी ठराव करून घेतो. पण मार्चपर्यंत आणखी एक जरी चावा झाला तर मी पुन्हा इथे येईन.

पाथर्डीफाटा_बी_विंग

मुलाची आई विचारतेय, आज मंगळवारी पहिला डोस झाला. पुढचे नेमके कधी? आणि काळ्या दहा दिवसांनी ठणठणीत असला तर उरलेले सोडायचे का?

सिस्टर_पंचवटी

आजचा मंगळवार हा शून्य दिवस. तिसरा दिवस शुक्रवार, सातवा पुढचा मंगळवार, अठ्ठाविसावा म्हणजे आजपासून चौथा मंगळवार. तारखा कार्डावर लिहून घ्या आणि कार्डाचा फोटो काढून ठेवा, पुन्हा कधी चावलं तर तेच दाखवायचं. पूर्ण कोर्स झालेल्याला नंतर फक्त दोन डोस लागतात, ० आणि ३, आणि सिरम लागत नाही. काळ्याचे चाव्यापासूनचे दहा दिवस या शनिवारी भरतात, तोवर शुक्रवारचा डोस झालेला असेल. पुढचं काय करायचं ते मंगळवारी कार्ड घेऊन डॉक्टरांना विचारा, घरी ठरवू नका. शाळेचा डबा-खेळ सगळं चालतं, वांगं-आंबट बंद वगैरे काही पथ्य नाही. टोचलेल्या जागी खाज किंवा लालसर गाठ आली तर चोळू नका. आणि शुक्रवारी सकाळीच जा, दुपारी रांग वाढते.